दाखवायचं घर

मगदूम एजंट चपला घालूनच आत आले,
मग आठवल्यासारखं मागं जाऊन काढून आले.
म्हणाले, वहिनी, शामरावनगरात आता
नुसत्या मांडणीवर फुटामागं दोनशे वाढतात.
मी स्वयंपाकघरातल्या मांडणीकडं बघितलं,
सासूबाईंचं नाव कोरलेल्या पातेल्यांकडं.
ते हसले. ती नव्हे.

कॅलेंडर काढायचं, दुधाच्या खाड्यांसकट.
लोणच्याच्या बरण्या माळ्यावर.
तुळस चालते, तुळस राहू दे.
फोटो मात्र, म्हणजे साहेबांचा,
आठ दिवस कपाटात ठेवला तर...
वाक्य त्यांनी पुरं केलं नाही,
तेवढी माणुसकी त्यांच्यात आहे.

आणि हा वास कसला?
हळदीचा, मी म्हणाले.
एकतीस वर्षं मार्केट यार्डात तोलाईला होते हे.
शर्टातून आला, दारांच्या लाकडात राहिला.
मोगऱ्याचा स्प्रे मारू, ते म्हणाले.
मिरज रोडवरून पांढरा सोफा, आठ दिवसांचे सहा हजार.
घर असं दिसलं पाहिजे
की इथं कुणी राहत नाही,
पण कुणालाही राहावंसं वाटेल.

शेवटी ते भिंतीपाशी थांबले.
रेघ. एकोणीस सालच्या पुराची, विटकरी,
दोनदा रंग दिला, दोनदा वर आली.
तिच्या शेजारी सुताराच्या पेन्सिलीनं
'रात्री पावणेदोन' एवढंच.
आम्ही जिन्यात बसलेलो, हे टॉर्च घेऊन
चार पायऱ्या उतरून पाण्यात गेले होते,
कशाला, तर हे लिहायला.

सोफा इथं, मगदूम म्हणाले. प्रश्नच मिटला.

रात्री लेकीचा फोन.
आई, सगळेच करतात गं.
खरंय. माझंही केलं होतं.
तासगावात, बैठकीच्या खोलीत,
डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग
आणि त्यावर मामीनं थापलेली पावडर.
लग्नानंतर महिन्यानं मी हात पुढं केला,
म्हटलं, हे तुम्हाला सांगायचं राहिलं.
हे म्हणाले, ठाऊक आहे.
पोह्यांच्या बशीत सांडली होती थोडी.
मी खाल्ली.

मग पहाटेपर्यंत झोप नाही.
दोनशे गुणिले साडेआठशे, पुन्हा पुन्हा.
एक लाख सत्तर हजारांत
लेकीचा हप्ता सुटतो,
माझा गुडघा होतो.
पूर काय, पुन्हा येईल न येईल,
नदीनं कुणाला लिहून दिलंय?
आणि घेणारा काय इतका दुधखुळा
की शेजारी विचारणार नाही?
अशी मी मलाच पटवत होते,
मगदूमांपेक्षा बरी पटवत होते.

सोफा आला. चौघांनी उचलून ठेवला.
बरण्या मीच चढवल्या. कॅलेंडर काढलं,
खिळा तेवढा राहिला.
फोटो कपाटात नाही ठेवला,
देवघराच्या बाजूला सरकवला फक्त.
स्प्रे मारला. दुपारी ऊन दारावर आलं
आणि मोगऱ्याखालून हळद निघालीच.

सोफा मी एकटीनं ओढला. जड होता.
टेबलाएवढा नाही, वीतभर सरकला,
पेन्सिलीचं 'पावणेदोन' उघडं पडलं,
'रात्री' आतच राहिलं.
म्हटलं, एवढं पुरे.
सगळं धाडस एकदम येत नाही.

पाचला जोडपं आलं, जतकडचं.
तो पतसंस्थेत, ती झेडपीच्या शाळेवर.
त्यानं नळ सोडून बघितला,
धार बघत उगीच उभा राहिला.
टँकरवर वाढलेली माणसं, चटकन बंद केला.
ती नेमकी सोफ्याच्या त्या टोकाला बसली.
चहा घेताना मान वळली.
बोटानं रेघ चाचपली, लेकराच्या कपाळाला ताप बघावा तशी.

पाणी इथपर्यंत?

मगदूमांना ठसका लागला.
मी कप खाली ठेवला.

बसून राहिलं तर गळ्याशी येतं, मी म्हणाले,
उभं राहिलं तर कमरेला.